ओढ्यापासून वीस फूट

आधीच्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी दोन गोठ्यांत शिरलं, म्हणून ग्रामसभेनं ठराव केला: काठापासून वीस फुटांत कुणी काही बांधायचं नाही. जागा मोजून बघायचं काम सदस्य म्हणून माझ्याकडे आलं. मी त्यासाठी वेगळी वही केली, टेप घेतला आणि मार्चमध्ये सुरुवात केली.

काठाला बांधकाम करणाऱ्यांच्या यादीत चौथी माझी चुलत जाऊ. तिला कांदा साठवायला बराख बांधायची होती. कांदा पंधरा दिवसांत निघणार. तोवर बराख उभी नसती, तर वर्षाचं पीक उघड्यावर पडलं असतं. तिचं शेत ओढ्याच्या पलीकडे, आमचं अलीकडे.

टेप पंचवीस फूट आला. मी वहीत बरोबरची खूण केली.

तिची सासू बांधावर बसून बघत होती. म्हणाली, "झालं का मोजून?"

"झालं. पाच फूट जास्तच आहे."

"कोरडा ओढा मोजलास व्हय? त्या करंजाकडं बघ."

करंज बराखीच्या जागेच्याही मागे, घराच्या बाजूला होता. त्याच्या बुंध्यावर गुडघाभर उंचीपर्यंत वाळलेला गाळ चिकटला होता.

"एवढं पाणी येतं?"

"आदी न्हाई यायचं. तुमी तिकडून भराव टाकला, तवापासून येतंय."

"आत्या, जाऊ द्या ना," जाऊ म्हणाली.

"का जाऊ दे? मेंबर हाय ती. लिहू दे की वहीत."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून आम्ही ओढ्यात मुरूम लोटला आणि चार सऱ्या वाढवल्या. घरच्या वहीत मी 'रान वाढवलं' असं लिहिलंही होतं. ते ओढ्याच्या वहीत यायला हवं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मी खूण खोडली. जाऊला दुसरी जागा नव्हती. वरच्या तुकड्याला ट्रॅक्टर जात नाही. म्हणजे भराव काढणं आलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मोजायला गेलती का रान वाटायला?"

"बाकीच्यांना काठाला बांधू नका म्हणून नोटीस द्यायची, तर आधी आपलं काढावं लागेल."

तो दोन दिवस कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी त्यानंच जेसीबीवाल्याला फोन केला. मेथी निघाली होती, रान मोकळंच होतं. दुपारपर्यंत चार सऱ्या उकरून झाल्या. पलीकडून सासू म्हणाली, "अजून एक काढा."

"काकी, भराव चारच सऱ्यांचा व्हता," नवरा म्हणाला.

"आन् दोन पावसाळे आमच्याकडं पाणी आलं, ते?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "घ्या अजून एक."

जाऊची बराख त्याच जागी झाली, फक्त जोतं दोन फूट उंच घ्यायला लावलं. कांदा आत गेला त्या दिवशी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. नवरा आला नाही. सासूनं त्याचं ताट झाकून माझ्याबरोबर पाठवलं.