घोंगडी पांघरून आलेला मामा

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, आताची सगळी गाणी एकसारखीच वाटतात. तुमच्या वेळी असं नव्हतं ना?" मी "नव्हतं" म्हणून मोकळी झाले. उत्तर घाईचं होतं. फोन ठेवल्यावर मला मे महिन्यातली शेजारच्या लग्नातली माझी फजिती आठवली. विसरायच्या आत ती नीट लिहून पाठवते आहे.

आमच्या मुरबाड-शहापूरकडे हळदीला धवलारीण बोलावतात. नवरीला हळद लागत असताना ती धवला म्हणते. धवला म्हणजे लग्नाचं लांबलचक गाणं. बाकीच्या बायका तिच्या मागून ओळ उचलतात. धसईजवळची आमची धवलारीण सत्तरीच्या पुढची. तिला आता दम पुरत नाही. यंदा आपल्या जागी सुनेला बसवायचं तिने ठरवलं होतं, आणि शेजाऱ्यांनी सांगितला होता फक्त डीजे. "धवला आता कोन ऐकतो?" नवरीचा बाप म्हणाला. मी मध्ये पडले तेव्हा कुठे अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासात सून रंगली नाही, तर पुन्हा कोणी तिला बोलावणार नव्हतं.

मदत करायची मला भारी हौस. माझ्या भाचीच्या हळदीला याच धवलारणीचा धवला मी वहीत उतरवून घेतला होता. समास सोडून, कडव्यांना आकडे घालून, 'नाय'चं 'नाही' करून. ती वही मी सुनेला दिली. जन्मभर शाळेत इंग्रजी कविता पाठ करून घेतल्या, मला दुसरं काय सुचणार? बिचारी आठवड्याभरात धवला घडाघडा म्हणू लागली.

हळदीच्या दिवशी ती पाटाशेजारी बसली, वही मांडीवर. पहिली कडवी देवांची, ती छान झाली. मग गाण्यात मामा आला. घाट उतरून, थंडीने कुडकुडत, घोंगडी पांघरून आला. माझ्या भाचीचा मामा जुन्नरकडचा आणि ते लग्न मार्गशीर्षातलं. या नवरीचा मामा कसाऱ्याला रेल्वेत आहे. तो पंख्यासमोर बनियनवर बसून घाम पुसत होता.

"मे महिन्यात घोंगडी?" तो ओरडला. "मारतेस का काय गो मला?"

"घ्या मामा, डोक्यावरनं घ्या!" मागून कोणी तरी म्हणालं. मांडव हसायला लागला. स्पीकरवाला बटणाकडे सरकला. सून वहीत पुढचं कडवं शोधू लागली.

"कोनाचा मामा गो हा?" सासूने विचारलं.

"बाईंच्या वहीतला," ती पुटपुटली.

म्हातारी माझ्याकडे वळली. "बाई, तो मामा त्या लग्नात जेवून गेला. परत कशाला बोलावलात?" मग सुनेला म्हणाली, "मिट ती वही. समोर बघ. दिसतंय ते गा."

सुनेने मामाकडे पाहिलं. वही मिटली आणि सूर लावला.

"मामा आला कसाऱ्याहून रातपाळी करून,
डोळे झाले लाल त्याचे भाचीसाठी जागून."

मामा हसता हसता डोळे पुसायला लागला. बायकांनी ओळ उचलली. आता सून थांबेना.

"बाप म्हणतो डीजे लावा, धवला कोण ऐकतो,
आता कसा मांडवात टाळ्या देत बसतो!"

बाप खरंच टाळ्या देत होता. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. स्पीकरवाला दोनदा चहा पिऊन आला आणि तिसऱ्यांदा बायकांमागे उभा राहून गायला लागला.

मला मात्र एक खटकलं होतं. जेवताना मी म्हातारीच्या कानाशी लागले. "शब्द तिचे, पण चाल कुठल्या तरी सिनेमातली होती."

"मग? माझी पन जत्रेतल्या तमाशातली हाय. तुमी वहीत काय लिवलंत?"

मी वहीत 'पारंपरिक चाल' असं लिहून खाली लाल रेघ ओढली होती. तसं सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "चाल कोनाची पन घ्यावी, बाई. नवरी तेवढी समोरची पायजे."

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं दुरुस्त उत्तर असं: चाली आमच्या वेळीही इकडून तिकडून उचललेल्याच असायच्या. डीजेची गाणी मला अजूनही एका साच्यातली वाटतात, आणि त्यांनी माझे कान दुखतात ते वेगळंच. पण मूळचं, अस्सल म्हणून मी जे जपत होते, ती नक्कल निघाली. ज्या सुनेला मी नक्कल करायला लावली, तिने मात्र तिथल्या तिथे नवं गाणं केलं.

आता वैशाखरे गावातल्या एका घरचं बोलावणं आलं आहे. सून परवा तिथे जाऊन नवरीचा मामा काय करतो, आजी कशावरून रागावते, सगळं विचारून आली. आमच्याकडे धवला अजून गातात, आणि प्रत्येक नवरीसाठी तो नव्याने रचतात.