साहेबाची निळी मोटार

१९३४ साली सोलापुरातल्या एका गिरणीचा गोरा मॅनेजर कायमचा विलायतेला निघाला. त्याची लांबलचक निळी मोटार अकरा वर्षं बिरप्पानं चालवली होती. बिरप्पा मेंढपाळाच्या घरचा. गिरणीच्या आवारात गाड्या धुता धुता ड्रायव्हर झालेला. साहेब त्याला म्हणाला, "बाहेर विकण्याआधी तुला विचारतो. स्वस्तात देईन. रविवारी घरच्यांना फिरवून आण, मग सांग."

स्वस्त झाली तरी तेवढे पैसे बिरप्पाजवळ कुठले? होती ती बायकोची, तानाबाईची, माहेरची चाळीस मेंढरं. होटगीपलीकडच्या वाडीवर तिची माणसं ती राखत.

"इकू की," तानाबाई लगेच म्हणाली. "भाड्यानं चालवा. अकरा वर्सं पोटच्या पोरावानी पुसलीसा, आता दुसऱ्याच्या हातात कशी बगशीला?"

रविवारी दोघं वाडीला निघाली. तानाबाई त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होती.

"मागं बस, मडमेवानी," बिरप्पा म्हणाला.

"नगं. मागनं तुमचं तोंड दिसत न्हाय," म्हणत ती पुढंच बसली.

वाटेत चढावर गाडीचं पाणी उकळलं. बिरप्पानं लिंबाखाली थांबून डब्यातलं पाणी ओतलं.

"हे आजच झालं व्हय?"

"न्हाय, दोन वर्सं झाली," तो खाली बघत म्हणाला.

वाडीवर तानाबाईची आई केराबाई अंगणात बसली होती. म्हातारीला दिसत नव्हतं. जावयानं हात धरून मोटारीपाशी नेलं, तशी तिनं तापलेल्या पत्र्यावर अलगद तळवा टेकला. "अगं बया, हिला तर ताप आलाय!" दोघंही पोट धरून हसली. मग तिला बसवून वाडीभोवती फिरवून आणलं.

दिवस कलताना मेंढरं परतली. केराबाई एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून नावानं हाक मारू लागली. तानाबाईनं हळूच सांगितलं, "आई, मेंढरं इकायची हायती."

"तुजीच हायती बाई, इक," म्हातारी म्हणाली. पण हातातल्या मेंढीची लोकर तिनं सोडली नाही.

परतताना बिरप्पा म्हणाला, "गाडी न्हाय घ्यायची."

"आईसाटी म्हनताय?"

"तिच्यासाटी बी. पन खरं सांगू? दुसऱ्या कुनी इचारलं असतं, तर घेऊ नगा म्हनलो असतो. इंजान थकलंय. बारका भागबी विलायतेवरनं आनावा लागतो. माजा जीव हाय हिच्यावर, म्हनून सोताला सांगत नव्हतो."

तानाबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि शहर येईपर्यंत तसाच राहू दिला.

पुढं धान्याचे अडते चनबसप्पा गाडी बघायला आले. बिरप्पानं त्यांना सगळे दोष सांगितले. ते म्हणाले, "मला लग्नकार्यापुरतीच पाहिजे. पण एवढं खरं बोलणारा ड्रायव्हरही पाहिजे." त्यांनी गाडी घेतली आणि बिरप्पालाही ठेवून घेतलं.

तीन वर्षं कितीतरी नवऱ्यामुली त्या गाडीतून सासरी गेल्या. मग एका उन्हाळ्यात इंजिन कायमचं बसलं आणि गाडी मोडीत गेली. बिरप्पा त्या दुपारी घरी येऊन नुसता बसून राहिला. तानाबाईनं जेवायला बोलावलं नाही. शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पयल्या दिवशी कशी चालवली, ते सांगा की."

तो सांगू लागला.