न लागलेली थाप

मी थापा मारतो हे माझ्या बायकोने लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी ओळखलं. तेव्हापासून ती माझं प्रत्येक वाक्य भाजीवाल्याकडच्या वांग्यासारखं उलटंपालटं करून बघते. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला थाप मारणं हाच मुख्य नियम असलेला खेळ सापडला, तेव्हा मी अक्षरशः नाचलो.

खेळाचं नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू. जाड सुती झगा घालायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि मॅटवर लोळत एकमेकांचे हात पिरगाळायचे, गळे आवळायचे. ठोसा नाही, लाथ नाही. आपण पुरते अडकलो असं वाटलं की समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या. त्या क्षणी तो सोडतो. का, कशाला, काही विचारत नाही. जन्मभर माझ्या थापांवर घरात कोणी विश्वास ठेवला नव्हता. इथे अनोळखी माणसं ठेवत होती!

आमची जिम खारघरच्या जुन्या गावात. सर तिशीचे, तिथलेच. आजोबांची भातशेती होती, वडिलांनी त्या जागी चार मजली इमारत बांधली आणि तळमजल्यावर सरांनी मॅट अंथरल्या. मला ते काका म्हणतात. माझ्या मानेला दंडाचा फास लावून अतिशय अदबीने विचारतात, "काका, श्वास येतो ना? मग अजून थोडा आवळतो हां."

सहा वर्षं झाली, माझा पट्टा पांढराच, म्हणजे नवशिक्याचा. आता तर धुऊन धुऊन दह्याच्या रंगाचा झालाय. "काका, तुमी लढता कमी आनि बोलता जास्त," असं सरांचं म्हणणं. मला पट्ट्याचं काही नव्हतं. साठीपर्यंत त्या मॅटवर लोळायला मिळावं, एवढंच माझं मागणं होतं.

मी सानपाड्यातल्या एका कंपनीत आहे. ती मसाल्याची पाकिटं भरणारी यंत्रं बनवते. यंत्र परदेशी गेलं की ते उभं करून चालू करायला मी जातो. बॅगेत पाने, पक्कड, मेतकूट आणि झगा. दिवसभर यंत्र, संध्याकाळी तिथली जिम. वॉर्साला एका तळघरात मी सांगितलं, आमचे आजोबा नावाजलेले पैलवान, साताऱ्याकडचे. (आजोबा पोस्टात होते.) सगळे आदराने मागे सरले. मग एका चष्मेवाल्या शाळामास्तराने चष्मा काढून बाकावर ठेवला, मला गुंडाळलं, माझी थाप घेतली आणि पुन्हा चष्मा घातला. तोवर चष्म्याच्या काचासुद्धा गार झाल्या नसतील. लिस्बनला तर एका आजीबाईंनी मला उताणा पाडून छातीवर बसकण मारली आणि तशाच बसून मला विचारलं, भारतात जेवायला काय काय मिळतं? मी पुरणपोळीपर्यंत पोचलो आणि थाप मारली.

लिस्बनहून परतताना विमानात लोण्याची चिमुकली डबी माझ्याने उघडेना. डाव्या हाताची दोन बोटं दुसऱ्याच कोणाची तरी असावीत, अशी माझ्या हाताला लोंबत होती.

बेलापूरच्या डॉक्टरांनी मानेच्या एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मानेतली चकती सरकून नस दाबतेय, म्हणाले. खेळ बंद.

"बंद म्हणजे किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद. गेलेली ताकद परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. आहे ती सांभाळा."

घरी बायकोने विचारलं, "अहो, काय म्हणाले डॉक्टर?"

"उशी बदला म्हणाले."

तिने त्याच दिवशी नवी उशी आणली. मी त्या उशीवर डोकं ठेवून फार छान वाटतंय असा अभिनय केला. सरांना व्हायरल झाल्याचं कळवलं. आणि पंधरा दिवसांनी बँकॉकला यंत्र लावायला निघालो, तेव्हा पाने-पकडीखाली झगा होताच.

बँकॉकच्या जिममध्ये माझ्या वाट्याला एक किडकिडीत बाई आल्या, जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. त्या कधी पाठीशी गेल्या आणि पुढून पुन्हा कधी आल्या, मला कळलंच नाही. माझा उजवा हात त्यांच्या काखेत, दोन्ही पाय त्यांच्या पायांच्या कचाट्यात आणि गळा त्यांच्या कोपरात. आवाज फुटेना. काही हरकत नाही, म्हटलं, डावा हात मोकळा आहे. मारली थाप.

त्यांनी सोडलं नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. मी जीव खाऊन मारत होतो. मग दूर कुठेतरी नळ सोडल्यासारखा आवाज आला आणि दिवा मालवावा तसं सगळं गेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा माझे पाय उंच धरून दोन अनोळखी माणसं उभी होती आणि त्या बाई पांढऱ्याफटक पडून माझा चेहरा न्याहाळत होत्या. थाप का नाही मारलीस, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी सांगितलं, मारली. बाजूला बसलेल्या एकाने मान हलवली. त्याने सगळं पाहिलं होतं. तुझा हात यांच्या पाठीवर होता खरा, तो म्हणाला, पण आम्हाला वाटलं तू गंमत करतोयस. आणि त्याने हवेत हात हलवून दाखवला, अगदी हळू, तान्ह्या बाळाला थापटून निजवतात तसा.

आयुष्यात हजारो थापा मारल्या. एकच अगदी खरी होती. ती लागलीच नाही.

परत आल्यावर शनिवारी सकाळी मी खारघरला गेलो. सरांना ही गोष्ट रंगवून सांगितली: किडकिडीत बाई, नळाचा आवाज, वर धरलेले पाय. मॅटवर बसलेली सगळी जणं हसली. सर हसले नाहीत. ते माझ्यासमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी आपला तळवा पुढे धरला.

"काका, डाव्या हाताने मारा."

"कशाला उगाच?"

"मारा तर."

मी मारली. सगळा जोर लावून मारली, खांदा दुखेपर्यंत.

सर तळव्याकडे बघत राहिले. "मारली?"

"मारली ना!"

"मला कळली पन नाय, काका."

सरांनी माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "मी तुमाला कोनाच्या हातात देऊ? सांगा ना. तुमची थाप त्याला कळली नाय, तर मी काकूंना काय सांगू?"

एखादी थाप सुचली असती तरी चाललं असतं. मग पट्टा सोडायला घेतला तर गाठ सुटेना. एका हाताने नाहीच सुटत ती. सरांनी सोडवली, घडी घातली आणि माझ्या पिशवीत वर ठेवली.

घरी आलो. बायको चहा गाळत होती.

"लवकर आलात?"

"सोडलं," मी म्हटलं. "कंटाळा आला. तेच तेच लोळणं, किती दिवस करायचं?"

ती नेहमीसारखी मला उलटंपालटं करून बघेल म्हणून मी तयारीत होतो. दोनचार वाक्यं वाटेत रचूनही ठेवली होती. तिने फक्त "बरं" म्हटलं. मग माझ्या डाव्या हाताशी ठेवलेला कप तिने उचलला, टेबलाला वळसा घातला आणि उजव्या हाताशी ठेवला.

"आणि ती उशी परत देऊन टाका," ती म्हणाली. "उगीच आणली."