युसूफमामांवर पूजेचा आरोप

ड्रायर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा बाजीराव आबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मॅडम, म्या काय बी बोलत न्हाई."

आबा यवतजवळच्या एका वाडीचे. ड्रायरवर ऑपरेटर. ते काही बोलत नाहीत असं म्हणाले की त्यांना पुष्कळ बोलायचं असतं.

"बोला आबा."

"आता बोलून काय उपेग? खंडेनवमीलाच बोललो हुतो."

"खंडेनवमीला पाच महिने झाले. देव इतके दिवस थांबला होय?"

"देव काय लगीच चिडत न्हाई मॅडम. आधी बघत बसतो."

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत मेंटेनन्स बघते. म्हणजे मशीन चालू असेपर्यंत मला कोणी ओळखत नाही, आणि बंद पडलं की सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो. आमच्याकडे औषधाची ओली पावडर मोठ्या ड्रायरमध्ये गरम हवेनं वाळवतात. ती हवा एक ब्लोअर फेकतो. ब्लोअरच्या मोटरला हवा तेवढाच वेग देणारं एक यंत्र असतं, त्याला ड्राइव्ह म्हणतात. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर समजा, फक्त पॅनेल नावाच्या कपाटाएवढ्या लोखंडी पेटीत बसवलेला. ड्राइव्ह फार तापला की स्वतःला बंद करून घेतो. याला ट्रिप म्हणतात. ट्रिप झाली की पावडर मध्येच गार पडते, तिचे गठ्ठे होतात आणि माझा फोन वाजतो.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्या दिवशी मशीनची पूजा व्हायची. हळद-कुंकू, हार, नारळ, पेढे. त्याला माझी ना नव्हती. पण आदल्या वर्षी कोणीतरी भक्तिभावानं टच स्क्रीनवरच हळदीचं बोट ओढलं आणि स्क्रीनचा एक कोपरा कायमचा बधिर झाला. पॅनेलच्या पायथ्याशी नारळ फुटला, पाणी केबलपर्यंत गेलं. त्यात कोणीतरी उदबत्ती घेऊन भडकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाकीकडे निघालं होतं. मी दारात आडवी उभी राहिले म्हणून बरं.

या वर्षी मी सर्क्युलर काढलं. प्लांटमध्ये आणि पॅनेल रूममध्ये पूजा करायची नाही. करणाऱ्यावर कारवाई होईल. पूजा कँटीनमध्ये करावी.

माझे वडील न्हावऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कोणाच्या गाडीला लिंबू-मिरची दिसली की ते थांबून, या लिंबात किती ग्लास सरबत झालं असतं ते सांगायचे. गावात त्यांना लग्नाची बोलावणी जरा कमीच यायची. मी त्यांचीच मुलगी. सर्क्युलरवर सही करताना मला अगदी बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

कँटीनमध्ये एक पाना, एक जुना कॉम्प्युटर आणि चटणीचा मिक्सर यांची पूजा झाली. प्लांट दिवसभर चालू राहिला. प्रॉडक्शनचे पवार साहेब खूश झाले. खंडेनवमीला पूर्ण दिवस प्रॉडक्शन पहिल्यांदाच मिळालं म्हणाले. मीही खूश झाले.

त्याच सुमारास आम्ही एक नवं सॉफ्टवेअर बसवलं. ते पॅनेलमधलं तापमान, मोटरची थरथर वगैरे सतत बघत राहतं आणि बिघाड व्हायच्या आधीच सांगतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. सगळं ठीक असलं की हिरवा गोल दिसतो. मी रोज सकाळी ऑफिसात आले की आधी तो हिरवा गोल बघायचे. आबा गणपतीच्या फोटोकडे बघायचे, मी गोलाकडे.

मार्चमध्ये ट्रिपा सुरू झाल्या. ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर कारण यायचं, 'ओव्हर टेम्परेचर'. सॉफ्टवेअर म्हणायचं, पॅनेल थंड आहे. आता दोघांतलं एक खोटं बोलत होतं. ड्राइव्ह नऊ वर्षं जुना, सॉफ्टवेअर नवं. मी नव्यावर विश्वास ठेवला. ड्राइव्हमधला तापमान मोजणारा भागच खराब झाला असणार असं ठरवून ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायर पुन्हा बंद.

त्याच संध्याकाळी एचआरचे निकम लॅपटॉप घेऊन माझ्या केबिनमध्ये आले.

"मॅडम, तुमच्या सर्क्युलरचं उल्लंघन झालंय. पॅनेल रूममध्ये पूजा."

"कोणी केली?"

"युसूफ इलेक्ट्रिशियन."

युसूफमामा दौंडचे. तीस वर्षं नोकरी, एप्रिलअखेर रिटायर होणार. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. शिवाय रमजान चालू होता आणि मामांचे रोजे होते.

"निकम, ते मुसलमान आहेत."

"ते मला माहीत आहे. पण व्हिडिओ आहे. हल्ली लोक सगळंच मानतात. मशीन चालावं म्हणून केलं असेल."

व्हिडिओत युसूफमामा हातात फडकं घेऊन पॅनेल रूममध्ये शिरले. पॅनेलसमोर गेले. खाली वाकले. उठून उजवा तळहात पॅनेलच्या वरच्या जाळीवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग तोच हात कपाळाला लावला. डोळे मिटले. आणि बाहेर पडले.

"बघा," निकम म्हणाले. "वाकून नमस्कार, मग हात कपाळाला. आत काम करायचं परमिटही नव्हतं. शो-कॉज तयार आहे, सोमवारपर्यंत तुमची सही लागेल."

शो-कॉज म्हणजे 'तुमच्यावर कारवाई का करू नये' असं विचारणारी नोटीस. मामांच्या फाइलमध्ये तीस वर्षांत एक कागदही वाकडा नव्हता. आता निरोपाच्या तोंडावर लागणार होता, तोही माझ्या सर्क्युलरमुळे.

मी मामांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. नोटिशीची बातमी त्यांच्याआधी कँटीनला आणि कँटीनकडून त्यांना पोचली होती.

"मामा, पॅनेल रूममध्ये काय करत होतात?"

"पूजा करत हुतो म्हनं," ते म्हणाले. "रोज्यात. मॅडम, ही नोटीस घरला गेली ना, तर इफ्तारला मला खजूर सुदिक मिळायचा न्हाई."

मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं.

"तीस वर्सं झाली," ते म्हणाले. "नातवाला सांगितलंय म्या, तुझ्या दादाला कंपनीनं कवा एक चिठ्ठी दिली न्हाई. आता काय सांगू?"

"तो हात कशाला ठेवला होता?"

"वारं बघत हुतो. आधी वाकून खालची जाळी बघितली, मंग वरची. वरच्या जाळीतून गरम वारं भसाभसा याया पायजे. येतच न्हाई. फुंकर मारल्यागत येतंय."

"आणि कपाळाला?"

"घाम पुसला. उपाशी मानूस हाय, चक्कर आल्यागत झालं. डोळं मिटलं दोन मिन्टं."

वरच्या जाळीतून वारा येत नाही. मी हिरव्या गोलाकडे बघितलं. मग उठून पॅनेल रूममध्ये गेले आणि स्वतःचा हात ठेवला. खरंच येत नव्हता. सॉफ्टवेअरचा तापमान मोजणारा सेन्सर आम्ही पॅनेलच्या दाराला आतून लावला होता, खालच्या जाळीपाशी, बरोबर रूमच्या एसीच्या झोतात. त्याला बिचाऱ्याला रात्रंदिवस थंडी वाजत होती. तापत होती ती ड्राइव्हची पाठ. तिथं उष्णता बाहेर टाकायला धातूची पातळ पाती असतात. त्यांत धूळ बसली की वारा अडतो.

"पण इतकी वर्षं कशी नाही अडली?" मी विचारलं.

मामा जरा अवघडले. "दर खंडेनवमीला मागचं कव्हर काढून साफ करायचो की. आबा म्हनायचे, देवासमोर मशीन घान ठिवायची न्हाई. मंग म्या सकाळपासनं ब्रश आन् हातातला ब्लोअर घिऊन बसायचो. माझं झालं की त्यांची पूजा. त्यांची वीस मिन्टं, माझं चार तास."

"मग या वर्षी का नाही केलं?"

"लाइन चालू हुती ना. चालू पॅनेलला मागनं हात घालून मरू का?" मग हळू आवाजात म्हणाले, "डिशेंबरात तुमच्याकडं शटडाऊन मागितला हुता. तुम्ही कॉम्प्युटर दावला. म्हनला, मामा, हिरवं हाय."

ते मला आठवलं. अगदी त्याच शब्दांत मी म्हणाले होते, आणि थोडं हसूनही म्हणाले होते. मला लाज वाटली. सरळ सांगायचं तर मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. पूजा बंद करताना पूजेत काय काय होतं याची मी चौकशीही केली नव्हती. हीच चूक माझ्या ज्युनियरनं केली असती, तर मी त्याला अर्धा तास विज्ञान ऐकवलं असतं.

मी पवार साहेबांकडे गेले.

"सर, ड्रायर चार तास बंद हवाय. साफसफाई."

"चार तास? मॅडम, ऑर्डर डोक्यावर आहे."

"तसाही ट्रिप होऊन रोज बंदच पडतोय."

"ट्रिप झाला तर ती ट्रिप. आपण बंद केला तर तो प्रॉडक्शन लॉस. मला वरती उत्तर द्यावं लागतं."

मी ग्राफ दाखवले, ड्राइव्हचं मॅन्युअल उघडून पान दाखवलं, वारा कसा अडतो ते कागदावर काढूनही दाखवलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

मी दारापर्यंत आले. चार दिवसांवर गुढीपाडवा होता. मागे वळले आणि वडिलांची मनातल्या मनात क्षमा मागून म्हणाले, "सर, खंडेनवमीची पूजा राहिली म्हणून मुलं नाराज आहेत. पाडव्याला पॅनेलची पूजा करावी म्हणतात."

पवार साहेब खुर्चीत सावरून बसले. "मग करा की. मी तेव्हाच म्हणणार होतो. किती वेळ लागेल?"

"चार तास."

"पाच घ्या. देवाच्या कामाला घाई नको."

पाडव्याला सकाळी सातला लाइन बंद झाली. मेन स्विचला कुलूप घातलं, परमिटवर मी स्वतः सही केली. युसूफमामांनी मास्क लावला आणि मागचं कव्हर काढलं. पात्यांवर करड्या धुळीचा थर बसला होता, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा. मामांनी तो हातानं सोलून काढला. रोजा, त्यात पॅनेल रूमचा एसी बंद, आणि हा माणूस साडेतीन तास उकिडवा बसून एकेक पातं ब्रशनं घासत होता. मी दोनदा म्हटलं, दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, "दुसऱ्याला द्यायचं तर आधी दावाया नगं का? तुम्ही बसा, बघा." मी बसले आणि बघितलं.

आबांनी तो कापूस हातात घेऊन बघितला. "हे देवाचं न्हाई मॅडम. हे आपलंच हाय."

"मग? पटलं ना?"

"पटलं की. पन देवानंच दावलं."

मी वाद घातला नाही. आमचं सॉफ्टवेअर अजूनही हिरवंच होतं, त्यामुळे माझी बाजू तशी लंगडी होती.

नंतर पूजा झाली. हळद-कुंकू पॅनेलच्या दाराला, एका ठरवून दिलेल्या चौकोनात. नारळ बाहेर फुटला. उदबत्ती पेटवू दिली नाही, आणि त्या बाबतीत मी अजूनही कोणाचं ऐकत नाही. सॉल्व्हंटला भक्ती कळत नाही. मामांनी पेढा कागदात बांधून संध्याकाळसाठी ठेवला आणि खोबऱ्याची वाटी चटणीसाठी नेली.

ड्रायर सुरू केला. मामांनी जाळीवर हात धरला, मग मला खुणेनं बोलावलं. गरम वारा भसाभसा येत होता. सेन्सर आम्ही दारावरून काढून पाठीमागे लावला.

सोमवारी निकम आले. मी नोटिशीवर सही केली नाही, वेगळा कागद दिला. सदर कर्मचारी पूजा करत नव्हते, वारा तपासत होते. त्यांनी आधी शटडाऊन मागितला होता, तो मी नाकारला. चूक माझी आहे.

निकमांनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, असं लिहिलं तर मेमो तुम्हाला द्यावा लागेल."

"द्या."

त्यांनी दिला. माझ्या नोकरीतला तो पहिला आणि अजून तरी एकुलता एक मेमो. मामांची फाइल जशी होती तशीच कोरी, स्वच्छ बंद झाली. निरोपाच्या दिवशी ते त्यांच्या नातवाला घेऊन आले होते. त्यांनी त्याला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आता मेंटेनन्सच्या शेड्यूलमध्ये ड्राइव्हची साफसफाई रीतसर लिहिली आहे. तारीख खंडेनवमी, कारण पवार साहेब दुसरी कुठलीही तारीख देत नाहीत. चेन्नईहून आलेल्या ऑडिटरनं विचारलं, ही तारीख दर वर्षी बदलते, हे कोणत्या डॉक्युमेंटनुसार? मी आबांकडून पंचांगाचं पान आणलं, झेरॉक्स काढली, त्यावर 'कंट्रोल्ड कॉपी'चा, म्हणजे अधिकृत प्रतीचा, शिक्का मारला आणि फाइलला लावली. ऑडिटरनं बरोबरची खूण केली. मला वडील आठवले आणि मी घाईनं पुढचं पान उलटलं.

ड्रायर त्यानंतर तापून बंद पडलेला नाही. आबा म्हणतात देवाची कृपा, सॉफ्टवेअरवाले म्हणतात सेन्सरची नवी जागा. मला विचारलंत तर मी इतकंच सांगेन की हुशार माणसाला मशीनसाठी वेळ मागायचा असेल, तर त्यानं तो देवाच्या नावानं मागावा, आणि मिळाला की खरंच मशीनसाठी वापरावा.

गेल्या खंडेनवमीला सकाळी दहाला दौंडहून फोन आला. मी म्हटलं, "मामा, पूजा मस्त चाललीय. हार मोठा आणलाय, आबांनी पेढेही—"

"ते ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "मागचं कव्हर काढलं का?"