एक कचेरी आणि आजूबाजूची प्रेक्षणीय स्थळे

पुण्याहून निघण्याआधी बेळगावच्या प्रेक्षणीय स्थळांची एक यादी मोबाइलवर सापडली. किल्ला, त्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर), तलाव, आणि पहिल्याच नंबरावर गावाच्या मधोमध असलेली एक सरकारी कचेरी. कोणती ते लिहीत नाही, उगाच कुणाला ठसका लागायला नको. सुटी काढून माणसं कचेरी बघायला जातात हे मला नवीनच होतं. पण माझी मावसबहीण सुशीलाआक्का हिचं काम नेमकं तिथंच अडलं होतं. म्हटलं चला, तेवढंच दर्शन घडेल.

कागल सुटलं की राज्य बदलतं. पाट्यांवरची अक्षरं मला वाचता येईनात, पण चहावाला मराठीतच ‘साखर कमी का?’ विचारत होता. निपाणीला बसमध्ये बोरगावचे एक शेतकरी शेजारी येऊन बसले. सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. फोनवर मुलाला कानडीत झापायचे आणि फोन ठेवला की माझ्याशी मराठीत उसाबद्दल बोलायचे. मी कचेरीत चाललोय म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दोन वेळचा डबा बांधून नेण्याचा सल्ला दिला. मी हसलो. ते हसले नाहीत.

आक्का बेळगावातल्या खासबाग या विणकरांच्या वस्तीत राहते. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. तिथल्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. आक्काही तशीच, आणि मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे बोलते ती मोठ्यानंच.

तिची तक्रार अशी. माग खरंच चालू आहेत का हे बघायला कचेरीची माणसं आली, ती नेमकी अमावस्येला. त्या दिवशी इथले विणकर माग चालवत नाहीत. माग पुसायचा, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. खासबागेतलं शेंबडं पोरही हे सांगेल. साहेबांनी मात्र दारातूनच मान आत घातली, ‘माग बंद’ असं लिहिलं आणि पुढच्या गल्लीत गेले. विणकरांच्या यादीतून आक्काचं नाव उडालं. नाव नाही तर सवलतीची वीज नाही, आणि ती नसेल तर दोन्ही माग भंगारात घालून आक्कानं आणि तिच्या सुनेनं दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला जायचं. चाळीस वर्षं साड्या विणणारी बाई कागदावर विणकर उरली नव्हती.

सकाळी साडेदहाला आम्ही त्या प्रेक्षणीय स्थळी पोचलो. जुनी दगडी इमारत चांगली होती, म्हणून तिच्या पुढ्यात काचेची नवी बांधून ती झाकली आहे. बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी आहे, हिरवळ नाही. जिन्याच्या कोपऱ्यांत पान खाऊन थुंकणाऱ्यांनी रंगकाम केलेलं. शिपायानं सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये, बारानंतर या.

मग काय, किल्ला बघितला. खंदक, भक्कम दरवाजा, आत थंडगार सावली. कमल बस्तीत काळ्या दगडाचं कमळ छताला उमललंय. आक्का मान वर करून बराच वेळ बघत राहिली. कागदांची पिशवी तिनं छातीशी धरली होती.

“हे करणाऱ्याला कुणी इचारलं नसंल,” ती म्हणाली, “तू कारागीर हाईस काय म्हणून.”

बाराला परत गेलो, तर शिपाई म्हणाला, “ऊटक्क होग्यार (जेवायला गेलेत).” बारा वाजता भूक लागणारी ही सरकारी पोटं मला कौतुकास्पद वाटली. आम्ही तलावाकाठी बसलो. मी कुंदा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) घेतला. बेळगावात एवढी एकच गोष्ट वेळेवर मिळाली. आक्कानं तोंडही लावलं नाही.

चार वाजता साहेब नाहीत, पण एक कारकून भेटला. सभ्य, चकचकीत, केस तेल लावून बसवलेले. आक्कानं त्याला कानडीत अमावस्या समजावली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि कंप्युटरात अमावस्या नसते असं सांगितलं. पुन्हा तपासणी करू म्हणाला, बटण दाबलं, तारीख आली. आक्कानं बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहरा उतरला. पुन्हा अमावस्याच. तारीख बदला म्हटलं तर तो म्हणाला, आता ती आलेली आहे.

बाहेर आल्यावर मी शहाणपणा पाजळला. पुण्यात राहिल्यानं तो मला जमतो. म्हटलं, “आक्का, एक दिवस चालव माग. देव काय तपासणीला येणार आहे?”

तिनं रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “सासूबाईंच्या दवाखान्याला पैसा नव्हता, त्या आमोशेलाबी चालवलो न्हाय रं.”

“मग नाव कसं लागणार?” मी विचारलं. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मी पुण्याला आलो. कुंदा वाटला, कचेरीची नक्कल करून मित्रांना हसवलं. किल्ल्याचे फोटो सगळ्यांना आवडले. अमावस्येला संध्याकाळी मीच फोन लावला.

“चालवलो,” आक्का म्हणाली. “सकाळी सातपास्नं. सून बसली न्हाय, मी एकटीच बसलो. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघून गेल्या.”

“आणि ती माणसं?”

“कोण आलं न्हाय.”

मी त्या कचेरीला, कारकुनाला, त्याच्या कंप्युटरला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. आक्कानं त्या संपेपर्यंत ऐकून घेतल्या.

“त्यांनी न्हाय सांगितलं चालवाय,” ती म्हणाली. आज पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. “तू सांगितलास.”