चौदा फुटी भिंतीवरचं रान

चाकणच्या बाजारपेठेत, जिन्याखालच्या गाळ्यात ज्योतीरामचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस पन्नाशीचा, पोटानं सुटलेला आणि जिभेनं त्याहून. आधी सात वर्षं एका कंपनीत शिफ्टला नट तपासायचा. नटाचे आटे बघून बघून त्याला नीट बघायची सवय लागली आणि न बघणाऱ्या माणसांचा कंटाळा आला. कंपनीला टाळं लागलं तसा कॅमेरा गळ्यात आला. लग्नं काढली, पासपोर्ट फोटो काढले, मग प्लॉटिंगवाल्यांची ब्रोशरं काढली. पोट भरलं, कंटाळा मात्र गेला नाही.

दर शनिवारी सांगवीकडची कॉम्प्युटरवाली पोरं डोंगराचे फोटो काढायला निघतात आणि वाटेत त्याच्याकडं मेमरी कार्डासाठी थांबतात. पाठीवर प्लंबरसारख्या पिशव्या. "काका, लँडस्केपला लेन्स सोळा एमएम बरी का चोवीस?"

"डोंगर कुठला?"

पोरं एकमेकांकडं बघतात. डोंगर अजून ठरलेला नसतो.

"मग आधी डोंगर ठरव की. नवरी बघायच्या आधीच अंगठीचं माप विचारतोय लेका!"

पोरं हसतात, कार्ड घेतात आणि पुढच्या शनिवारी नवी लेन्स घेऊन येतात. डोंगर तोच, ढगसुद्धा तेच.

अशा ह्या ज्योतीरामच्या काउंटरवर एका बुधवारी रणजीतशेठनं एक पेटी आदळली. रणजीत शेजारच्या गावचा. बापजाद्यांच्या रानात त्यानं कधी औताला हात लावला नाही, पण ते विकायच्या सह्या करताना हात कधी थरथरला नाही, एवढंच त्याचं कर्तृत्व. तेवढ्यावर गळ्यात साखळी, दारात काळी गाडी आणि रस्त्याकडेला दुमजली बंगला उभा राहिला. पेटीतून त्यानं दुधाच्या किटलीएवढी पांढरी लेन्स काढली.

"भावा, हिच्यानंच फोटो काढायचा. हॉलची भिंत चौदा फूट हाय."

"मग?"

"मग काय? मोठी भिंत, मोठी लेन्स."

ज्योतीरामनं लेन्सकडं बघितलं, मग शेठकडं. "शेठ, उद्या बंगल्याला रंग द्यायला झाडाएवढा ब्रश आणशील. ह्या लेन्सनं लोक लांबची पाखरं टिपतात. काय टिपायचंय तुला?"

तेव्हा खरं बाहेर आलं. रणजीतची आई, गवराबाई, शेवटच्या अकरा गुंठ्यांतल्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. ते अकरा गुंठेही शेजारच्या गोदामवाल्याला विकून झाले होते. सोमवारी ताबा द्यायचा होता, रविवारी बंगल्याची वास्तुशांत होती, आणि म्हातारी म्हणत होती, मी येत न्हाई. बंगल्यातनं डोंगर दिसत नाही. खिडकी उघडली की कारखान्याची भिंत, नाहीतर कंटेनर.

"मी म्हणलं, आये, तुझं रान नि डोंगर हॉलच्या भिंतीवर लावतो. तवा म्हणाली, बघू. ज्योतीभाऊ, ती आली न्हाई तर पावण्यांत माझं तोंड काळं व्हईल."

आईसाठी नाही, तर पाव्हण्यांसाठी. ज्योतीरामनं मनातल्या मनात एक शिवी दिली आणि बॅग उचलली.

रानात गेल्यावर आधी शेठच्या मनासारखं झालं. पांढरी लेन्स लावली. तिच्यात ना रान आलं, ना बांध. नुसता डोंगराचा एक तुकडा आणि त्याच्यापुढं विजेच्या तारेवर बसलेली चिमणी. गवराबाई दारातल्या चुलीपुढं भाकरी थापत होती. हात पुसत उठली, कॅमेऱ्यामागच्या काचेत डोकावली.

"डोंगराच्या नाकातलं क्यास काढलं व्हय रं?"

ज्योतीराम खूश झाला. ह्या गावात नजर असलेलं एक तरी माणूस निघालं. त्यानं पांढरी किटली उतरवली आणि स्वतःची रुंद लेन्स चढवली, जिच्यावर त्याचं घर चालतं. हिनं रान चहूबाजूंनी ताणलं जातं; दोन गुंठे दहा वाटतात, जवळचा खड्डा तळं वाटतो आणि लांबचं सगळं आक्रसून जातं. म्हातारीनं पुन्हा बघितलं. बराच वेळ.

"हे मैदान कुनाचं?"

"तुमचंच की, काकी."

"आन् ह्यो उंबऱ्यावर ठिवल्यावानी दगूड?"

"तो डोंगर."

"आमचा डोंगर कदी येवडा बारका झाला?" मग तिनं ज्योतीरामकडं मान वळवली. "गोदामवाल्याच्या कागदावर बी आमचं रान असंच ऐसपैस व्हतं. नि डोंगर न्हवताच. त्यो फोटूवाला तूच काय रं?"

तो तोच होता. विक्रीसाठी रणजीतनंच काढून घेतला होता तो फोटो. ज्योतीरामनं आयुष्यात शेकडो माणसांची सालटी काढली होती. आज स्वतःची निघत होती. तो लेन्स पुसत बसला, तीही स्वच्छच असताना.

"त्यात काय एवढं, आये," रणजीत मध्येच बोलला. "धंदा हाय त्याचा."

"तुजा बी धंदाच हाय की."

शेवटी ज्योतीरामनं पहिल्यांदाच विचारायचं ते विचारलं. "काकी, तुम्ही डोंगर कुठून बघता?"

"कुटनं म्हंजी? हितनं." ती पुन्हा चुलीपुढच्या पाटावर बसली. "भाकरी तव्यात टाकली की मान वर. उलथायच्या आत खाली."

मग त्यानं पाट मागून घेतला. कॅमेऱ्याची तिपाई पाय आखडून पाटावर टेकवली, म्हातारीच्या डोळ्याच्या उंचीला आणली, आणि बॅगेच्या तळातून पन्नास एमएमची जुनी लेन्स काढली. मुठीत मावणारी.

"ही?" रणजीत किंचाळलाच. "ही तर कॉलेजची पोरं लावत्यात! चौदा फुटाची भिंत हाय राव!"

"डोळ्याला जेवढा डोंगर दिसतो तेवढाच हिला दिसतो. भिंतीचं मी बघतो. तू तेवढा उन्हातनं बाजूला हो, तुझी सावली पडतीय."

कॅमेरा उभा धरून, डावीकडून उजवीकडं वळवत त्यानं नऊ फोटो घेतले, एकाचा काठ दुसऱ्यावर चढवत. घरी ते जोडले की एकच लांबलचक पट्टा. डोंगर डोंगराएवढा, बांध बांधाएवढा. आणि डावीकडचा तिसरा हिस्सा निळ्या पत्र्याच्या गोदामानं खाल्लेला.

रणजीतनं तो पट्टा बघितला आणि स्वतःच पिंपरीच्या एका छपाईवाल्याकडं नेला. छपाईवाला हुशार. त्यानं गोदाम उडवलं, तिथं हिरवळ पसरली, हिरवळ ओकीबोकी वाटली म्हणून धबधबा सोडला, आणि धबधब्याला शोभा म्हणून दोन मोर.

रविवारी गवराबाईला गाडीतून आणलं. हॉलमध्ये पाव्हणे खुर्च्यांवर, सून ताट घेऊन उभी, ज्योतीराम कोपऱ्यात व्हिडिओ काढतोय. म्हातारी भिंतीपुढं उभी राहिली. डावीकडून उजवीकडं सावकाश बघितलं.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "कुनाच्या गावचं?"

आणि चपला घालून चालू लागली. एवढे पाव्हणे होते, पण तिला थांबवायला कुणी उठलं नाही. जिलबी आली होती.

सोमवारी सकाळी दहाला ज्योतीरामचा फोन वाजला. "भावा, जेसीबी येऊन उभा हाय. गोदामवाला माझ्यावर वरडतोय. आये दारात बसलीय, उटंना. तो मोरांच्या आधीचा फोटो हाय का?"

"आहे."

"शेडसकट?"

"शेडसकट. तुझ्या पराक्रमासकट."

दुपारपर्यंत मोरांवर नवा कागद चिकटला. गवराबाई पुन्हा आली, ह्या खेपेला पाव्हणे नव्हते. तिनं कागदाला हात लावला, बांधावरून बोट फिरवत गोदामाच्या निळ्या पत्र्यापाशी थांबली. "ह्येच्यामागं आपली पान्याची हीर हाय. बुजवली, पर हाय." मग रणजीतला म्हणाली, "पाट आन माजा. नि तवा."

तिनं पाट भिंतीसमोर टाकला. रणजीतनं टीव्ही उचलून दुसऱ्या खोलीत नेला.

शेठ मात्र शेठच. चार दिवसांनी त्यानं भिंतीच्या डाव्या बाजूला रॉड ठोकून मखमली पडदा लावला, गोदाम झाकेल एवढाच. पाव्हणे आले की पडदा ओढतो आणि सांगतो, खास बाहेरून मागवलेल्या लेन्सनं काढलाय. पाव्हणे माना डोलवतात. पाटावर बसलेली म्हातारी हातातल्या काठीनं पडदा बाजूला सारते.

"आये, पावणं हायेत! ते कशाला दिसाया पायजे?"

"हीर झाकतीय," ती म्हणते, आणि पडदा पुन्हा ओढायला रणजीत उठेपर्यंत तिथंच बघत राहते.