भावजींचं अर्धं स्वयंपाकघर

आमच्या समोरच्या दारातले भावजी लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढतात. स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ कुठल्या डब्यात आहे, हे मात्र त्यांना बायकोला विचारावं लागतं. मी कान लावून बसत नाही हं. दोन्ही घरांची दारं समोरासमोर आणि दिवसभर उघडी, त्याला मी काय करू?

मजल्यावर सगळे त्यांना पाठीमागे 'बघूया' म्हणतात. पडदे कुठले घ्यायचे? बघूया. भिंतीला रंग कधी? बघूया. लग्नाला होकार देतानाही ते बघूयाच म्हणाले होते, असं कवायतबाई छातीठोक सांगतात. कवायतबाई म्हणजे त्यांच्या सौ. शाळेत मुलांना कवायत शिकवतात, घरी आल्यावर नवऱ्याला.

बाहेरची खोली हेच भावजींचं ऑफिस. एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. गिऱ्हाईक सांगेल ती कपाटं, ओटा, खिडकी भावजी त्यात भरतात, बटण दाबतात आणि पडद्यावर अगदी फोटोसारखं स्वयंपाकघर उमटायला लागतं. वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी. आधी छत, मग वरची कपाटं, मग खिडकी. चित्र ओट्यापर्यंत उतरेस्तोवर माझा चहा उकळून, पिऊन, कप विसळून होतो.

कोपऱ्यावर नवं शोरूम उघडलं आणि भावजींचं धाबं दणाणलं. तिथे चित्र चुटकीसरशी येतं. एक जोडपं तर भावजींचं चित्र जमिनीला टेकायच्या आत उठून तिकडे गेलं. वर शोरूमचा मालक जिन्यात भेटला की म्हणायचा, "कशाला एकटे झिजताय? या आमच्याकडे नोकरीला. महिन्याचा पगार, कंपनीचा शर्ट." तो शर्ट पिवळाधमक. भावजींचं जेवणच कमी झालं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नवं घर, सगळ्या खोल्यांचं काम. रविवारी दोघं नवरा-बायको येणार होते. शोरूममध्ये आधीच जाऊन आले होते. "हे काम गेलं," भावजी मला म्हणाले, "तर वहिनी, मी पिवळा."

त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणारीला बोलावलं. तिने खोका उघडला, धुळीवर फुंकर मारली. "काका, दोन रस्ते आहेत. याच बोर्डावर बसेल असा दणकट प्रोसेसर मागवायचा. यायला दोन-चार दिवस लागतील. नाहीतर आहे त्यालाच कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉक. फुकटात होईल, पण तापेल. वरचा पंखा मोठा लागेल. आणि वेग थोडा थोडा वाढवत, दर वेळी बराच वेळ चालवून बघायचं. हावरटपणा केलात तर मध्येच गपकन थांबेल."

"चित्र चुटकीसरशी येईल?"

"पळवून? छे. जरा लवकर येईल, इतकंच."

"बघूया," भावजी म्हणाले. ती खोका बंद करून गेली.

मग काय, मतदानच सुरू झालं. कवायतबाईंचा हुकूम, "नवा मागवा! आत्ता! उचला फोन!" भावजींनी फोन उचलला आणि पेपर टाकणाऱ्याला मत विचारलं. मला विचारलं, "वहिनी, तुम्ही असता तर?"

"लग्न झाल्यापासून मी आमच्या ह्यांना ओव्हरक्लॉकच करतेय, भावजी. तापतात तेवढे. वेग काही वाढत नाही."

हे बघण्यात शनिवार उजाडला. नवा प्रोसेसर वेळेत येणं गेलंच, मोठा पंखाही राहिला. तेव्हा या माणसाने काय करावं? जन्मात कधी घाई केली नाही ती सगळी साठवून रविवारी सकाळी वेग एकदम वरच्या टोकाला नेऊन ठेवला. रिकाम्या खोलीचं चित्र काढून बघितलं. पटकन आलं! भावजी चक्क शीळ घालत होते.

डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान आले तेव्हा मी साखर मागायला गेले. घरात साखर होती, पण ते जाऊ दे.

भावजींनी बटण दाबलं. छत आलं, वरची कपाटं आली, खिडकीतला उजेडही आला. पंखा किंचाळत होता. चित्र ओट्याच्या कडेला पोचलं आणि तिथेच गोठलं. खाली नुसता करडा रंग. माउस हलेना.

"थांबलं का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भावजींनी माउस उचलून टेबलावर आपटला. तेवढ्यात यजमान वाकून म्हणाले, "खाली ड्रॉवर असतील ना?"

"ड्रॉवर कशाला? दारंच बरी."

"दारं असली की पातेलं काढायला पार आत शिरावं लागतं. रोज मीच शिरतो. माझ्या कमरेला विचार."

"कंबर दुखते तुझी? मला कधी बोलला नाहीस ते!"

"तू दमून येतेस. काय बोलायचं?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मग मीही सांगते. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून उभी असते मी. भाजी तरी बसून चिरायचीय. एका बाजूला ओटा खाली घ्या." त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कागदावर खालचा भाग स्वतःच काढायला घेतला. यजमान खोडरबर घेऊन तयार. दोघं भांडले, हसले, पुन्हा भांडले. भावजी शहाण्यासारखे गप्प राहून मापं लिहीत गेले.

उठताना बाई म्हणाल्या, "शोरूममध्ये चकचकीत अख्खं चित्र दाखवलं. आम्ही छान छान म्हणालो आणि घरी जाऊन भांडलो. इथे भांडण जागच्या जागी मिटलं. काम तुम्हीच करा."

दार लागल्यावर भावजी खुर्चीत मटकन बसले. कवायतबाईंनी कॉम्प्युटर बंद करून सुरू करायला लावला आणि वेग पहिल्यासारखा करून घेतला. "आता सगळ्या घराची चित्रं काढायचीत. या म्हाताऱ्याला पळवून मारणार आहात का?" भावजींनी तिथल्या तिथे नवा प्रोसेसर मागवला. बघूया न म्हणता. मी साक्षीदार आहे.

तो बसल्यापासून मी चहाचं आधण ठेवायच्या आत चित्र तयार असतं. पण गिऱ्हाईक आलं की हा माणूस मुद्दाम वरचं अर्धंच काढतो. तेवढाच भाग काढायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये आहे म्हणे. "जुनं मशीन हो, दमतं," असं साळसूद चेहऱ्याने सांगतो आणि हळूच पेन्सिल पुढे सरकवतो.

गेल्या आठवड्यात आमचा ओटा बदलायचा म्हणून ह्यांना घेऊन मीही गेले. चित्र अर्ध्यावर थांबलं.

"दमलं वाटतं," भावजी म्हणाले.

"भावजी, निदान माझ्यापुढे तरी..."

"खाली कोपऱ्यात एक कपाट मला पाहिजे," आमचे हे मध्येच म्हणाले. "कुलूपवालं."

मी सावकाश त्यांच्याकडे वळले. "कुलूप? स्वयंपाकघरात? कशाला?"

भावजींनी कोरा कागद काढला.